काठावरची तीट

गोकुळ नेमकं काय काम करतो हे त्याच्या आईला आजवर कळलेलं नाही. हर्सूलच्या त्यांच्या गल्लीत कुणी विचारलंच, तर मनकर्णाबाई ठसक्यात सांगते, "काचंवरले डाग हुडकतो." ऐकणारीला वाटतं, चष्म्याचं दुकान असेल. गोकुळनं सुरुवातीला समजावून सांगायचा बराच खटाटोप केला, आकृत्या काढून दाखवल्या, शेवटी हात टेकले. आणि खरं सांगायचं तर म्हातारी फारशी चुकत नाही.

मोबाईलच्या पोटात जी चिप असते ती एका मूळ ठशावरून छापली जाते. त्या ठशाला मास्क म्हणतात. सगळ्यात बारीक चिपांसाठी जो प्रकाश वापरतात तो अतिनीलच्याही पार टोकाचा. काचेत शिरला की तिथंच जिरतो. म्हणून हा मास्क आरपार दिसणारा नसतो, तो आरसा असतो. पंज्याएवढी चौकोनी काच आणि तिच्यावर मॉलिब्डेनम आणि सिलिकॉनचे एकाआड एक कितीतरी थर. आता तळाच्या काचेवर एखादा खळगा राहून गेला, अगदी थोड्याशा अणूंचा, तरी वरचा प्रत्येक थर त्याच्यावरून जाताना वाकतो. पार वर येईपर्यंत त्या वाकण्याचा नुसता मागमूस उरतो. डोळ्याला काही म्हणजे काही दिसत नाही, पण छापायला घेतलं की प्रत्येक चिपेत तोच दोष. त्यामुळं मास्क कोरा असतानाच त्याची झडती घ्यावी लागते. अंधारात त्याच्यावर लेसरचा झोत टाकायचा. धड भागावरून उजेड सरळ परत जातो, आणि जिथं खोट असेल तिथून त्यातला कणभर बाजूला उडतो. हा उडालेला उजेड गोळा करणारा जो यंत्राचा भाग, तो गोकुळ रचतो. कारखान्यात त्या भागाला सगळे 'डोकं' म्हणतात.

कारखाना चिकलठाण्याच्या एमआयडीसीत. मालक अप्पाराव. त्यांच्या वडिलांनी पंपाचे सुटे भाग केले, अप्पारावांनी जमीन मोजायच्या दुर्बिणी केल्या, आणि मग अंगात वारं शिरल्यासारखे ते एका परदेशी कंपनीच्या मागं लागले. यंत्र त्या कंपनीचं, डोकं आपलं. त्यासाठी क्लीनरूम बांधली. तिच्या हवेत धुळीचा कण सापडला तर गोकुळ घर डोक्यावर घ्यायचा. आणि त्याच क्लीनरूमच्या दाराबाहेर अप्पाराव दर शनिवारी ताजं लिंबू-मिरची बांधायचे, त्यात कधी खंड नाही. दसऱ्याला यंत्रांची पूजा व्हायची तीसुद्धा बाहेर, रिकाम्या खोक्यांची, कारण हळदीकुंकू आत न्यायला सक्त मनाई. मालक गंभीर चेहऱ्यानं रिकाम्या खोक्याला ओवाळताहेत हे बघून कामगार बायका पदर तोंडाला लावायच्या.

त्या डोक्याचा जीव म्हणजे एक वाटीसारखा खोलगट आरसा. तो घडवायचा कचरूमामानं. पॉलिश खात्यात त्याची हयात गेली होती. मामा म्हणजे सख्खा नव्हे. मनकर्णाबाईच्या माहेरचा, अजिंठ्याचा, म्हणून मामा. डिप्लोमा करणाऱ्या गोकुळला पहिल्यांदा या कारखान्याच्या फाटकातून आत आणलं ते यानंच. पुढं गोकुळ पुण्याला जाऊन आणखी शिकला, परत आला, साहेब झाला. कचरूमामा तरीही सगळ्यांदेखत त्याला "काय रं गोकुळ्या" म्हणायचा, आणि गोकुळला त्यात कधी कमीपणा वाटला नाही.

त्याचं नाव कचरू का, हे त्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. त्याच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून हा जन्मला तसा सुईणीनं त्याला सुपात घातलं, उकिरड्यावर नेऊन ठेवलं, आणि पसाभर कोंडा देऊन परत घेतलं. टाकून दिलेल्या पोराकडं मरण कशाला ढुंकून बघतंय, असा तो हिशेब. पोर जगलं. पुढं त्याला बायको मिळाली तिचं नाव दगडाबाई, तीही तशीच जगलेली. कचरू आणि दगडाबाई, या जोडप्याला कुणाची नजर लागायची काही सोयच नव्हती. हर्सूलच्या तळ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर दोन खोल्यांत त्यांचा संसार बरा चालला. पोर झाली, तिचं नाव मात्र हौसेनं मोनिका ठेवलं. ती लग्न होऊन जालन्याला गेली.

एवढ्या जगण्यातून कचरूमामानं एकच गोष्ट गाठीला बांधली होती. ज्याच्यात काही उणं आहे ते टिकतं, आणि बिनडागाचं जे असतं त्याच्यावर नजर पडते. गोकुळची लेकरं तान्ही होती तेव्हा तो रविवारी यायचा, आधी त्यांच्या गालाला तीट आहे का बघायचा, आणि मगच चहाला हात लावायचा. गोकुळ त्याची थट्टा करायचा. मामा म्हणायचा, तुला काय कळतं.

गोकुळनं गेल्या वर्षी डोक्याची नवी रचना केली. मास्कवरचे आणखी बारीक दोष सापडावेत म्हणून त्यानं ठरवलं, की उजेड आरशाच्या मधल्या भागावरच न घेता थेट काठापर्यंत घ्यायचा. जितकी वाटी मोठी तितकं जास्त हाती लागणार, साधी गोष्ट. कागदावर सगळं चोख उतरलं. परदेशी कंपनीकडं चाचणीसाठी एक मास्क होता, त्यात मुद्दाम दोष करून ठेवलेले. नवं डोकं तिथं गेलं, लावलं, आणि जुन्याला जेवढं दिसायचं तेवढंही त्याला दिसेना. काळ्याभोर पडद्यावर पांढरे ठिपके उमटायला हवेत, तिथं नुसतं धुकं. डोकं परत आलं. कंपनीनं फार सभ्य भाषेत कळवलं, की कारण शोधा आणि एकदा पुन्हा पाठवा, त्यानंतर आम्हाला दुसरीकडं बघावं लागेल. अप्पारावांनी त्याचा सरळ अर्थ सांगितला: पुन्हा नापास झालो तर क्लीनरूमला कुलूप, आपण परत पंपावर.

या डोक्यावर गोकुळनं उमेदीची सगळी वर्षं घातली होती. असलं काम या शहरात दुसरीकडं कुठंच नव्हतं, आणि म्हाताऱ्या आईला आणि शाळेतल्या लेकरांना उचलून परमुलखात जायची त्याची छाती नव्हती. हे डोकं गेलं की गोकुळही गेला, इतकं ते सरळ होतं.

मग शोधाशोध सुरू झाली. जालना रस्त्यावरच्या ट्रकांनी जमीन हादरते का ते बघितलं. लेसर बदलला. कॅमेऱ्याची चित्रं वाचून दोष ओळखणारं सॉफ्टवेअर संध्याचं; तिनं ते उलटंपालटं करून तपासलं. संध्या बोलायला फटकळ. तिच्या घरातून देवदेवस्की आजोबांच्या काळातच हद्दपार झालेली, त्यामुळं दारावरचं लिंबू बघितलं की ती अप्पारावांना ऐकू जाईल अशा बेतानं सुस्कारा सोडायची. धुकं सगळीकडं सारखं नाही, एका बाजूनं येतंय, हे पहिल्यांदा तिच्याच लक्षात आलं. गोकुळनं आरसा थोडा फिरवून बसवला. धुकंही तेवढंच फिरलं.

आरसा काढून त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि काठ बघत गेला. एका जागी ठिपका होता. तिळाच्या टोकाएवढासुद्धा नसेल, पण गोल, नेटका, कुणीतरी जीव लावून काढलेला. गोकुळनं कपाटातून जोडीचा दुसरा आरसा आणला, जो अजून वापरला नव्हता. त्याच्याही काठावर, त्याच जागी, तसाच ठिपका. चुकून ओरखडा पडला असता तर तो दोन्हीकडं एकाच जागी पडला नसता. गोकुळला पुढं काही शोधावं लागलं नाही. हा ठिपका त्यानं आपल्या घरात, आपल्या लेकरांच्या गालावर बघितला होता.

संध्याकाळी तो मामाच्या घरी गेला. दगडाबाई भाकरी करत होती. कचरूमामा लपवाछपवी जन्मात शिकला नव्हता. गोकुळनं विचारताच त्यानं सांगून टाकलं.

"तीट लावली. हिऱ्याच्या टोकानं. काठाला तू मोकळा पट्टा सोडला हाय ना, तिथं लावली. आत कुठं हात लावला नाय."

"काऊन पण मामा?"

"असा आरसा माह्या हातून जिंदगीत झाला नव्हता, गोकुळ. एक रेघ नाय त्याच्यात. मला भेव वाटलं. अन् तुहं काम होतं म्हणून लावली. दुसऱ्याच्या कामाला नाय लावत मी."

गोकुळ ओरडायच्या तयारीनं आला होता. पण ओरडणार कुणावर? आरशाच्या नकाशात काठाचा पट्टा मोकळा म्हणून दाखवला होता, तिथं काही असलं तरी चालतं, असं गोकुळच्याच सहीनं लिहिलेलं. मग त्यानं उजेड काठापर्यंत वाढवला आणि नकाशा बदलायचा विसरला; त्या तिटेवर आदळून विखुरलेला उजेड म्हणजेच पडद्यावरचं धुकं. आणि त्याहून वाईट म्हणजे, इतकी वर्षं मामा आरसे घासत होता आणि त्या आरशातून काय बघतात हे गोकुळनं त्याला एकदाही सांगितलं नव्हतं. आईला कळलं नाही म्हणजे कुणालाच कळणार नाही, असं धरून तो चालला होता. ते त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं, चुलीसमोर बसून, जमिनीवर बोटानं रेघा ओढत. मामाला सगळं समजलं. समजल्यावर त्याचं तोंड असं झालं, की सांगितलं नसतं तर बरं, असं गोकुळला वाटलं. मामा एवढंच म्हणाला, "म्हणजे माह्यापायी," आणि ताटावरून उठला.

अप्पारावांना गोकुळनं काही लपवलं नाही, स्वतःची चूक आधी सांगितली. ते चिडायला म्हणून उभे राहिले, त्यांची नजर दारावरच्या लिंबाकडं गेली आणि ते पुन्हा खाली बसले. परदेशी कंपनीला कळवण्यात आलं, की आरशाच्या काठावर हाताळणीची खूण सापडली आहे, नवा आरसा करतो आहोत. कंपनीला कारण मिळालं की पुरतं. त्यांनी शेवटची मुदत वाढवून दिली.

नवा आरसाही कचरूमामालाच करावा लागणार होता. तो आकार त्या कारखान्यात दुसऱ्या कुणाच्या हाताला वळत नव्हता, आणि बाहेरून मागवायचा तर मुदत टळून गेली असती. मामानं काही कुरकुर केली नाही. दिवाळीनंतर बसला तो संक्रांत उलटली तरी उठला नाही. बोलणं कमी झालं होतं. गोकुळला वाटलं, अपराधी वाटतंय म्हणून असेल, काम झालं की येईल जाग्यावर. त्याला स्वतःलाच त्या दिवसांत झोप नव्हती, दुसऱ्याच्या मनात डोकवायला फुरसत कुठली.

मग एक वेळ अशी आली, की मोजमापात आरसा पुरा झालेला आणि मामा तो खात्याबाहेर सोडेना. आज देतो, उद्या देतो, जरा हात फिरवतो. आरशावर लेप चढवायला काच बंगळूरला जायची होती, तिकडून फोनवर फोन येत होते. शेवटी गोकुळ स्वतः खात्यात गेला. मामा मऊ फडक्यात काच घेऊन नुसता बसला होता.

"झालाय की मामा. द्या आता."

"असाच देऊ? उघडा?" मामानं वर बघितलं. "गोकुळ, पहिल्यापरीस भारी झालाय हा. अशा चिजंवर नजर पडतीच. ती कुठं तरी जाती बघ. कामावर जाती, नायतर ज्याचं काम हाय त्याच्यावर जाती. पाठीला लावतो एक बारीक. पाठ तर कुणी बघत नाय ना?"

पाठीला लावली असती तर काडीचं बिघडलं नसतं. आरशाची पाठ उजेडात येतच नाही, ती धातूच्या बैठकीत बसते. हे गोकुळला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं. पण तो इतका पोळला होता, की तीट हा शब्दच त्याला सहन झाला नाही. पुन्हा धुकं, पुन्हा नापास, पुन्हा शोधाशोध, हे सगळं त्याच्या डोळ्यापुढून गेलं. नाही म्हणजे नाही, तो म्हणाला, कुठंच नाही. मामा तरीही काच सोडेना, तेव्हा गोकुळ त्याला घाईनं, अर्धं थट्टेत आणि अर्धं वैतागून, वाटेल ते बोलून गेला.

"काय लागायची ती नजर माझ्या माथी. मी घेतो. झालं?"

मामानं त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. मग काच त्याच्या हातात दिली आणि हात धुवायला गेला.

त्यानंतर कचरूमामा कामावर यायचा, ठरल्याप्रमाणं बसायचा, पण गोकुळच्या कामाचं त्यानं काही विचारलं नाही. आरसा बंगळूरहून लेप लावून आला, डोक्यात बसला, धुकं कुठल्या कुठं गेलं. अप्पारावांनी रिकाम्या खोक्याला ओवाळलं आणि भरलेलं खोकं परदेशी रवाना झालं. पाडव्याच्या आधी एका सकाळी मामा तळ्याकडं फिरायला गेला, वाटेत दम लागला म्हणून पुलाच्या कठड्यावर टेकला, आणि तिथंच गेला. दवाखान्यात नेलं ते नुसतं नेण्यापुरतं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं. गोळ्या लिहून दिलेल्या होत्या, त्या घेतल्या नसाव्यात. गोकुळनं खांदा दिला. मनकर्णाबाई माहेरचं शेवटचं माणूस गेलं म्हणून रडली, आणि गोकुळ तिला सावरायच्या निमित्तानं स्वतः कोरडा राहिला.

दिवसकार्य झाल्यावर परदेशाहून निरोप आला. डोकं पास झालं होतं. मुद्दाम करून ठेवलेले सगळे दोष त्याला दिसले, आणि त्या मास्कवर कंपनीलाच ठाऊक नसलेले आणखी काही दिसले. असा स्वच्छ आरसा आम्ही पाहिला नाही, असं त्यांनी आवर्जून लिहिलं होतं. कारखान्यात पेढे वाटले. संध्यानं गोकुळचा चेहरा बघून आपला पेढा तसाच ठेवला आणि त्याला बाजूला घेऊन खडसावलं, की हृदयाच्या नळ्या तीट विचारून बंद होत नाहीत, तुम्ही उगाच मनाला लावून घेऊ नका. तिचं बोलणं शंभर टक्के खरं होतं. ते घेऊनच गोकुळ त्या दिवशी मामीकडं निघाला. आरसा पास झाला हे तिला सांगणं त्याला आपलं कर्तव्य वाटलं.

दगडाबाई दारातच गहू निवडत बसली होती. त्याला बघून तिनं सूप बाजूला सारलं आणि पोतं अंथरलं.

"पास झाला का आरसा?" तिनंच विचारलं.

गोकुळनं सांगितलं, झाला. मामासारखा हात तिकडं परदेशातही कुणाचा नाही असं ते म्हणाले. तिनं मान हलवली. कपाळ मोकळं होतं, चेहरा होता त्याहून लहान दिसत होता. मग ती सांगू लागली.

"ज्या दिशी आरसा दिला ना तुला, त्या दिशी घरी आले तं जेवले नाय. देवापुढं बसले. मी म्हणलं, काय झालं? म्हणले, गोकुळनं नजर आपल्या माथी घेतली. लेकराबाळाचा माणूस, काय बोलून गेला त्याचं त्याला समजत नाय. मी देवाला सांगितलं म्हणले, त्याचा जीव नको, माहा घे." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मी लई भांडले बाबा. दोन दिस बोलले नाय त्यांच्यासंगं. गोळ्या पण तवापासूनच सोडल्या त्यांनी. म्हणले, मागितलंय तं मंग इमानानं मागायचं."

संध्यानं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं गोकुळच्या ओठावर होतं. हृदय, नळ्या, वय, गोळ्या. त्यातला गोळ्यांचा शब्द तर आता त्याच्याच अंगावर आला होता. पाठीला एक ठिपका लावू दिला असता, तर मामा त्या रात्री पोटभर जेवला असता, गोळी घेऊन झोपला असता आणि आज जिवंत असता. नजरेवर विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू, ही गोष्ट कुठल्याच बाजूनं टळत नव्हती.

"लेकरं बरी हायत ना तुही?" मामीनं विचारलं.

"बरी हायत मामी."

"अन् मनकर्णाअक्का?"

"ती पण."

"मंग झालं," दगडाबाई म्हणाली. "त्यांचं मागणं देवानं ऐकलं."

ती हे समाधानानं म्हणाली, आणि ते समाधानच गोकुळला सोसवेना. नाही मामी, तसं काही नसतं, असं म्हणावं तर तिच्याकडं उरलं होतं तेवढंही हिरावून घ्यायचं. गप्प राहावं तर मामानं आपल्यासाठी जीव दिला हे मान्य करायचं. गोकुळ गप्प राहिला. मग त्याला जे इतके दिवस आलं नव्हतं ते रडू आलं, हमसून हमसून, शेजारच्या दारातून लोक बघू लागले इतकं. दगडाबाई पोत्यावरून सरकून त्याच्याजवळ बसली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत राहिली, उगी, उगी, तुला काय होत नाय आता.